आधी कुदळ, मग आशा: ‘सक्रिय आशा’ म्हणजे नेमकं काय?

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात पूर आला. ज्या भागाची ओळख पाण्याच्या टँकरवर होती, तिथे काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, जनावरं वाहून गेली आणि कित्येक शेतांतली वरची मातीच खरवडून गेली. त्याआधी माळीण, तळिये, इर्शाळवाडीच्या दरडी. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पाऱ्याच्या बातम्या. हे वाचताना पोटात गोळा येतो. आपण फोन बाजूला ठेवतो, पाच मिनिटांनी पुन्हा उचलतो आणि शेवटी ‘आता काही खरं नाही’ म्हणून विषय संपवतो.

हा पोटातला गोळा कुठून येतो, त्याचं काय करायचं आणि डोंगरावर चर खणण्याशी त्याचा काय संबंध, हे समजून घेण्यासाठी हा लेख. मानसशास्त्रात आणि पर्यावरणाच्या कामात हल्ली ‘सक्रिय आशा’ ही कल्पना बरीच बोलली जाते. ती ऐकायला गोड वाटते, पण आत बरीच कडक आहे.

ही भीती मनाचे खेळ आहेत का?

नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार मुलामुलींना हवामान बदलाबद्दल काय वाटतं, हे विचारलं होतं. ५९ टक्के मुलांनी खूप किंवा अतिशय काळजी वाटते असं सांगितलं. भविष्य भीतिदायक वाटतं, असं ७५ टक्के म्हणाले. या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो असं म्हणणारे ४५ टक्क्यांहून जास्त होते. या अवस्थेला पर्यावरण-चिंता म्हणतात. निसर्गाचं आणि त्यासोबत आपलं काय होणार, याची मनात ठाण मांडून बसलेली धास्ती, असा तिचा साधा अर्थ.

हिची एक सख्खी बहीणही आहे. ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेख्ट न्यू साउथ वेल्समधल्या हंटर खोऱ्यातल्या लोकांशी बोलत होते. तिथे उघड्या कोळसा खाणींनी सगळा परिसर बदलून टाकला होता. लोक आपल्याच घरात राहत होते, कुणी विस्थापित झालं नव्हतं, तरी घर हरवल्यासारखे बोलत होते. घरात राहूनच घर हरवल्याच्या या दुःखाला अल्ब्रेख्ट यांनी ‘सोलास्टाल्जिया’ असं नाव दिलं. ज्यांच्या गावामागचा डोंगर खडी क्रशरसाठी अर्धा कापला गेला आहे, ज्यांच्या लहानपणीच्या ओढ्याचा आज काळा नाला झाला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझं स्पष्ट मत आहे की हे दुःख म्हणजे आजार नव्हे. ज्या जागेशी आपलं काही नातंच नाही, तिच्यासाठी जीव तुटत नाही. प्रश्न दुःख होण्याचा नसतो. त्या दुःखाला करायला काही कामच नसेल, तर ते आतल्या आत आंबायला लागतं, आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

मग ‘सक्रिय आशा’ म्हणजे काय?

ही कल्पना रुजवण्यात सर्वात मोठा वाटा अमेरिकेच्या जोआना मेसी यांचा. त्या बौद्ध तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक होत्या. १९६० च्या दशकात भारतात असताना त्यांनी तिबेटी निर्वासितांबरोबर काम केलं, पुढे अण्वस्त्रं आणि अणुकचऱ्याच्या विरोधात उभ्या राहिल्या. जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी त्या गेल्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आशा दोन तऱ्हेची असते. एक म्हणजे अंदाज: सगळं ठीक होईल असं वाटणं. ही आशा बातम्यांवर अवलंबून असते, त्यामुळे रोज वरखाली होते आणि बहुतेक दिवस खालीच जाते. दुसरी म्हणजे काम. तिच्यात तीन गोष्टी येतात. जे आहे ते डोळे उघडे ठेवून बघायचं. आपल्याला काय झालेलं हवं आहे, हे ठरवायचं. आणि त्या दिशेने आपल्या हातात असलेलं पाऊल टाकायचं. यश मिळेल याची खात्री असणं ही या दुसऱ्या आशेची अटच नाही. उद्या वाईट बातमी आली तरी परवा सकाळी काम तिथेच असतं.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून ते कशात मुरलं ते सांगतो. १९७९-८० च्या सुमारास मेसी वर्षभर श्रीलंकेत राहून सर्वोदय श्रमदान चळवळीचा अभ्यास करत होत्या. ए. टी. अरियरत्ने यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या या चळवळीला गांधी-विनोबांच्या विचारांची प्रेरणा होती. गावकरी एकत्र येऊन रस्ते बांधायचे, विहिरी खणायचे. ‘आपण रस्ता बांधतो, रस्ता आपल्याला बांधतो,’ हे या चळवळीचं घोषवाक्य. मला विचाराल तर सक्रिय आशेची याहून नेमकी व्याख्या नाही.

हात चालला की मन का सावरतं?

१९६० च्या दशकात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. आज कुणी ते करू देणार नाही, इतके ते निर्दय होते. काही कुत्र्यांना विजेचे असे झटके दिले की काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. बरेचसे कुत्रे जागचे हललेच नाहीत. ‘माझ्या करण्याने काही होत नाही’ हे ते शिकले, असा त्या वेळी अर्थ लावला गेला.

पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, या दोघांनीच मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपला निष्कर्ष उलटा केला. दीर्घकाळ चालणाऱ्या संकटात गारठून बसणं ही प्राण्याची मुळातली प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. तसा अनुभव मिळाला की मेंदूचा पुढचा भाग आतल्या घबराटीच्या केंद्राला शांत करतो. त्या कुत्र्यांना पुन्हा कसं उठवलं, तेही इथे सांगायला हवं. त्यांना पट्ट्याने ओढत, पुन्हा पुन्हा त्या अडसरापलीकडे न्यावं लागलं. अनेक खेपांनंतर ते आपले आपण जाऊ लागले.

हात मोडल्यावर सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं, तेव्हा दंड काडीसारखा झालेला असतो. आधी हातात ताकद येऊ दे, मग व्यायाम करू, असं कुठला फिजिओथेरपिस्ट म्हणत नाही. बोटं हलत नसताना, दुखत असताना, मऊ चेंडू हातात देतो आणि दाबायला लावतो. आशेचं तसंच आहे. ‘उमेद आली की काहीतरी करेन’ हा क्रमच उलटा आहे.

माणूस आणि माती एकदमच बरी होतात का?

हिवरे बाजारची गोष्ट बहुतेकांना पाण्याची म्हणून माहीत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं गाव, वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. बहात्तरच्या दुष्काळाने गाव मोडलं. जंगल तुटलं, विहिरी आटल्या, तरुण कामाला बाहेर गेले. मागे राहिलेल्यांत दारू आणि भांडणं वाढली. दारू गाळणं हा तिथे धंदा झाला होता.

१९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर गावाने काय ठरवलं ते बघा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान ही जमिनीसाठी. नशाबंदी आणि नसबंदी ही माणसांसाठी. पाचही सूत्रं एकाच यादीत. आधी सगळ्यांची दारू सुटू दे आणि मग डोंगराकडे बघू, असं कुणी म्हणालं नाही. आधी पाणी येऊ दे, मग व्यसनाचं बघू, असंही नाही. पुढे गावाने उसासारख्या तहानलेल्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलना नाही म्हटलं. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आधी माणसं-जनावरांच्या पिण्याचं पाणी बाजूला काढलं जातं आणि उरेल त्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखातही दारूचा प्रश्न आणि जंगलाचा प्रश्न एकाच ग्रामसभेत, बायकांना बरोबर घेऊन, सर्वांच्या सहमतीने सुटत गेला. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तो वर्षानुवर्षांच्या त्या बैठकांच्या जोरावर.

आता चराचं काम जवळून बघू. उतारावर पावसाचं पाणी पळतं आणि माती घेऊन पळतं. त्याला अडवायला सलग समतल चर खणतात, म्हणजे डोंगराला आडवा, एकाच पातळीत जाणारा लांब खड्डा. पातळी काढायला लागतं काय, तर बांबूचे दोन सारखे पाय, मधे एक आडवी पट्टी आणि दोरीला बांधलेला दगड. याला ए-फ्रेम म्हणतात. दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चिमूटभर फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुढची खूण करायची. डोळ्याला जी रेघ सरळ वाटते ती बहुतेक वेळा चुकीची निघते. दोरी सांगते तीच खरी. मग टिकाव, फावडं, घमेलं. साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल. निघालेली माती खालच्या अंगाला रचायची, वर पवना किंवा मारवेल गवताचं बी टाकायचं.

अशा कामावर पहिल्या तासात कुणी फारसं बोलत नाही. दम लागलेला असतो, तळहाताला फोड आलेले असतात. दुसऱ्या तासात घमेलं पुढे देता देता बोलणं सुरू होतं, आणि ते हवामान बदलाबद्दल नसतं. मुलाची नोकरी, गुडघेदुखी, गेल्या वर्षी गेलेली आई. बंद खोलीत ‘मन मोकळं करा’ म्हटलं तर जे लोक तोंड उघडणार नाहीत, ते इथे बोलतात, कारण नजर समोरच्याकडे नसून मातीकडे असते. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की सगळ्यांना एकच घाई असते, चर भरला का ते बघायची. गढूळ पाणी तुडुंब उभं असतं आणि एक-दोन दिवसांत जिरून जातं. आपल्या हाताने फरक पडला याचा इतका सरळ पुरावा आजच्या कामधंद्यांत फार थोड्यांना मिळतो.

नुसतं झाडांत जाऊन बसलं तर?

तेही उपयोगी आहे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, फरक इतकाच की काहींच्या खिडकीतून झाडं दिसत आणि काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना लवकर घरी सोडलं गेलं आणि तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, ४६ रुग्णांचा. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास २० हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं असल्याचं दिसलं. मात्र मुळात तब्येत बरी असलेलेच जास्त फिरतात, अशीही शक्यता यात उरतेच.

तेव्हा टेकडीवर जरूर जा. पण पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे फिरणारा आणि तिथला वणवा विझवायला धावणारा यांच्यात फरक आहे. एकाला टेकडी बरं वाटण्यासाठी हवी असते, दुसऱ्याला टेकडीसाठी आपण हवे असतो. पर्यावरण-चिंतेवर जास्त उपयोगी पडते ती ही दुसरी गोष्ट.

‘माझं मलाच झेपत नाही, त्यात हे कुठे?’

हा आक्षेप मला सर्वात खरा वाटतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नाही, जगू नये असं मनात येतं, तर त्याला पर्यावरण-चिंता म्हणून सोडून देऊ नका. तिथे कुदळ नको, डॉक्टर हवा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते घेणं हा काही चळवळीशी द्रोह नव्हे.

पण ‘आधी मी पूर्ण बरा होतो, मग जगाकडे बघतो’ हेही खरं नाही, कारण तो पूर्ण बरं होण्याचा दिवस कधी येत नाही. उलट्या टोकाला स्वतःला जाळून काम करणारे कार्यकर्ते आहेत. घरचं जेवण नाही, सुट्टी नाही, सहकाऱ्यांवर चिडचिड, आणि एक दिवस सगळं सोडून देणं. मेसींच्या कार्यशाळांचा क्रम म्हणूनच मला शहाणा वाटतो. सुरुवात कृतज्ञतेने, मग जगाबद्दलचं दुःख सगळ्यांसमोर उघडपणे बोलणं, मग त्याकडे नव्या नजरेने बघणं आणि शेवटी काम. दुःख झाकून हसतमुखाने झाडं लावा, असं तिथे कुणी सांगत नाही. जो गट रडू देतो तो जास्त टिकतो.

‘मी एकट्याने प्लास्टिक टाळून काय होणार?’

हवामानाच्या हिशेबात फारसं नाही, हे मान्य करूया. ‘कार्बन फूटप्रिंट’ म्हणजे आपल्या जगण्यातून किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशेब. ही कल्पना घराघरांत पोहोचवली ती २००० च्या दशकातल्या बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. दोष ग्राहकाच्या पिशवीत टाकला की तेलविहिरीकडे कुणी बघत नाही. ज्यांनी सर्वाधिक धूर सोडला, त्यांनाच जाब विचारायला हवा.

पण जाब विचारायलाही माणसं लागतात, आणि ती एकेकटी घरी बसून मिळत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत दिसलेली गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. हवामानाच्या चिंतेबरोबर नैराश्याची लक्षणं वाढताना दिसत होती. जे विद्यार्थी गटाने काही करत होते, त्यांच्यात हा दुवा सैल होता. जे एकट्यानेच सवयी बदलत होते, त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. एका वेळच्या पाहणीवरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, तरी आपल्याकडच्या श्रमदानाचा अनुभव याच बाजूने बोलतो. म्हणून कुणी विचारलं, तर मी सांगेन की कापडी पिशवी वापरा, पण आधी चार माणसं शोधा.

‘ठीक आहे, या पावसाळ्यात झाडं लावू’

थांबा. आधी जागा बघा. सोलापूरजवळच्या नान्नजसारखे गवताळ माळ सरकारी कागदावर पडीक दिसतात, पण तिथे माळढोक, लांडगा, काळवीट यांचं घर असतं. अशा माळावर खड्डे खणून झाडं लावणं म्हणजे कुणाचं तरी घर मोडणं. टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाखाली दुसरं काही फारसं उगवत नाही. एका वर्षी हजार रोपं लावून फोटो काढण्यापेक्षा, होळीनंतरच्या उन्हाळ्यात दहा रोपांना पाणी घालणं अवघड आहे आणि जास्त कामाचं आहे. अनेकदा तर सर्वात चांगलं काम म्हणजे वणवा आणि चराई थांबवून जमिनीला तिच्या मनाप्रमाणे उगवू देणं. देवरायांनी शतकानुशतकं तेच केलं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांचं काम २००२ पासून उभं राहिलं, तेही असंच आधी बघण्यातून. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी गेली होती, तिथे कासवांची घरटी आणि त्यातली चोरीला जाणारी अंडी दिसली. मग गावातल्याच लोकांनी पहाटे किनारा चालायचा, घरटी सुरक्षित जागी हलवायची आणि पिल्लं समुद्रात सोडायची, असं सुरू झालं. मोठी होईपर्यंत हजारातलं एखादंच वाचतं, हे माहीत असूनही. वेळासचं पाहून कोकणातली इतर गावं पुढे आली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगवेगळी राहतात, या समजालाच त्यामुळे धक्का बसला.

सुरुवात कुठून करायची?

आपल्या जागेतला एक प्रश्न निवडा, आणि तो चालत जाऊन बघता येईल इतका जवळचा असू द्या. ओढा, टेकडी, गावतळं, शाळेचं आवार, सोसायटीतली बोअरवेल. वर्षभर त्याच्या नोंदी ठेवा: पाणी कधी आटलं, कचरा कोण टाकतं, कुठले पक्षी येतात.

मग हक्काच्या जागा वापरा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोकांच्या मदतीने तिथल्या जैवविविधतेची नोंदवही करायला हवी. आपल्याकडे ती समिती आहे का, नोंदवही कुणाकडे आहे, हे जाऊन विचारा. बऱ्याच ठिकाणी ती कंत्राटदाराने भरलेली सापडेल, ओढ्याकाठच्या म्हातारीला न विचारता. ती दुरुस्त करणं हे चार माणसांचं पहिलं काम होऊ शकतं. गावात असाल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपैकी जी जवळची असेल तिला जा. विषय लेखी द्या आणि पोच घ्या. शहरात असाल तर प्रभाग कार्यालयात तेच करा, आणि जाताना शेजाऱ्यालाही बरोबर न्या.